बुधवारची हाडं

अहो, तुमची एक ठरलेली खानावळ होती, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं.

तेरावं व्हायच्या आधीच एक गृहस्थ दारात आले. अंगात पांढरा सदरा, हातात शेवंतीचा हार. मी त्यांना ओळखलं नाही, आपल्या लेकीनं, मुग्धानंही नाही. तुमच्या टेलिफोन खात्यातले कुणी जुने असतील असं वाटलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, तुमच्या फोटोला हार घातला, बराच वेळ हात जोडून उभे राहिले आणि मग सतरंजीवर बसले.

"काकांची आमच्याकडची जागा ठरलेली होती," ते म्हणाले. "भिंतीकडची. दर बुधवारी. मटण थाळी, भाकरी कमी, रस्सा जास्त, आणि नळी मात्र हवीच. नळी संपली असली तर तसेच परत जायचे बघा."

मुग्धा माझ्याकडे बघायला लागली. मी विचारलं, "तुम्ही कुणाबद्दल बोलताय?"

"मोहितेकाकांबद्दल." त्यांनी फोटोकडे हात केला. "जाताना कुत्रीसाठी हाडं बांधून न्यायचे. आपल्या ताटातली आणि शेजारच्या ताटांतलीसुद्धा. फार जीव हो त्या कुत्रीवर." मग थोडे संकोचून म्हणाले, "तुमच्यासाठी काही करून आणणार होतो, पण आमच्याकडचं तुम्हाला चालायचं नाही. काका सांगायचे, मिसेस शाकाहारी आहेत."

मी त्यांना चहा दिला. तुमच्या लक्षात येतंय का, मी त्या माणसाला चहा दिला, बिस्किटं दिली, खानावळ कुठे आहे ते विचारलं. स्टेशनकडे जाताना उजव्या हाताला, कपड्यांच्या दुकानाच्या मागे. तुम्ही बुधवारी जिथे कॅरम खेळायला जातो म्हणायचात त्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अगदी विरुद्ध दिशेला. ते गेल्यावर मी दार लावलं, तुमच्या फोटोसमोर उभी राहिले आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तुम्हाला "अरे" म्हणाले. "अरे, मी शाकाहारी?" मुग्धा धावत आली. तिला वाटलं, मला रडू फुटलं.

रडू नव्हतं ते.

मालवणच्या मुलीला तुम्ही शाकाहारी केलंत. लग्नात तुमच्याकडच्या कराडच्या बायका मला हसल्या होत्या, ही नवरी पंगतीत माशाचं डोकं मागते म्हणून. आणि तुमच्या किडनीचं निदान झालं त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना रिक्षात मीच म्हणाले होते, "तुम्हाला बंद, तर मलाही बंद. घरात वासच नको, म्हणजे तुम्हाला आठवण नको." तुम्ही माझा हात धरला होतात.  मला तो हात पुरेसा वाटला.

त्यानंतर अर्नाळ्याची मासेवाली दाराशी पाटी टेकवायची आणि मी तिला नको म्हणायचे. "बघ, पानी सुटलंय तुझ्या तोंडाला," म्हणून ती हसायची. सुटायचंच. मी दार लावून घ्यायचे आणि तुमच्यासाठी बटाटे चिरायला बसायचे. बारीक चिरायचे, कोमट पाण्यात भिजत घालायचे, ते पाणी ओतायचं, पुन्हा नवं पाणी. भाजीतलं जे तुम्हाला वाईट ते पाण्याबरोबर जाऊ दे म्हणून. मीठ चिमटीनं. डाळ पातळ. पापड, लोणचं, खारवलेली मिरची, सगळं मी मोलकरणीला देऊन टाकलं. टोमॅटोशिवाय सार करायला शिकले, ते तुम्हाला आवडलंही.

आणि तरी तुमचे रिपोर्ट बिघडत गेले. दर वेळी डॉक्टर चष्मा काढून माझ्याकडे बघायचे. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे. "वहिनी, जेवणात कुठे काही चुकतंय का?" तुम्ही पंख्याकडे बघत बसायचात. मी आठवून आठवून सांगायचे, परवा कोशिंबिरीत दही जरा जास्त पडलं, सणाला पुरणाचा एक घास दिला होता. डॉक्टर मान हलवायचे. घरी येऊन मी कोथिंबीरसुद्धा बंद केली. तुम्ही ती बिनकोथिंबिरीची आमटी मुकाट जेवलात. ताटावरून उठताना म्हणालात, "तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस?"

हे वाक्य आता मला झोपू देत नाही. तुम्ही ते प्रेमानं म्हणाला होतात, हे मला माहीत आहे. म्हणून जास्त.

खानावळीचे मालक आले नसते तर आपल्या कुत्रीचं, खारीचं, मला कधी कळलंच नसतं. तुमच्या थाळीचं मी एखाद वेळेस गिळून टाकलं असतं. माणसाची जीभ आहे, म्हातारपण आहे. पण त्यांनी हाडांचं सांगितलं आणि मला गुरुवार आठवला.

खारी आपल्याकडे आली तेव्हा आपण चंदनसारच्या या घरात नवीन होतो. समोरच्या इमारतीचं काम चालू होतं, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत ती सापडली. तुम्ही सदऱ्याच्या आत घालून आणलीत. बेकरीतल्या खारीच्या रंगाची, तशीच चुरा होईल असं वाटणारी. मला कुत्रं नको होतं. तुम्ही म्हणालात, "दोन दिवस ठेवू." तिसऱ्या दिवशी मीच तिला दूधभात कालवून घातला.

हाडांवरून आपलं पहिल्यापासून वाजायचं. लस टोचायला नेलं तेव्हाच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, शिजवलेलं हाड कधीही द्यायचं नाही. तेव्हा घरात मटण शिजायचं. तुम्ही रविवारी ताटात हाडं बाजूला काढायचात आणि मी ती तुमच्या हातातून घ्यायचे.

"आमच्या गावाकडची कुत्री जन्मभर हाडं खायची," तुम्ही म्हणायचात.

"आणि मरायची कशानं, ते कुणी बघितलं?"

"वाघ काय डॉक्टरला विचारून हाड फोडतो?"

"वाघ कुकरला शिट्ट्या देत नाही."

तुम्ही हसायचात. हाड माझ्या हातात द्यायचात. खारी माझ्याकडे अशी बघायची की जगातली सगळ्यात दुष्ट बाई मीच.

मग मुग्धानं पुण्याहून ते चघळायचं आणलं. चामड्याचं, दोन्ही टोकांना गाठ मारलेलं, दिसायला हाडासारखं. दुकानात तिला सांगितलं होतं की दात साफ होतात. खारी ते घेऊन टेबलाखाली गेली. मी पोळ्या लाटत होते, तुम्ही पेपर वाचत होतात. चामडं भिजून मऊ झालं, ताणलं गेलं, आणि तिनं अर्धं तोडून गिळलं. घशात अडकलं. तिचा आवाजच येईना, नुसती मान पुढे आणि पाय घसरत होते. मी लाटणं हातात घेऊन उभी राहिले. मला काही सुचलं नाही. तुम्ही जमिनीवर बसलात, तिचा जबडा उघडलात आणि दोन बोटं घशात घातलीत. तिचे दात तुमच्या बोटांत रुतले, रक्त आलं, तुम्ही हात काढला नाहीत. पांढरी, बुळबुळीत पट्टी बाहेर आली, चांगली वीतभर. खारी खोकली आणि तुमच्या मांडीत घुसली.  मी तुमच्या बोटांना हळद लावत होते तेव्हा तुम्हीच म्हणालात, "आजपासून या घरात हाड नाही आणि हे चामड्याचं सोंगही नाही. जे गिळलं तर विरघळत नाही, ते तिच्या तोंडाजवळ न्यायचं नाही."

तुमचा नियम होता तो. माझा नव्हे. तुम्ही तिच्यासाठी पोकळ रबरी लट्टू शोधून आणलात, तिच्या तोंडात मावणार नाही इतका मोठा. त्यात दहीभात भरून फ्रीजमध्ये ठेवायचात. ती तासभर तो चाटत बसायची आणि तुम्ही तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचात. त्या दिवसांसाठी मी तुमची ऋणी आहे, हे आज रागातही म्हणते. त्या दिवशी तुम्ही नसतात तर ती माझ्या डोळ्यांदेखत गेली असती. ज्या माणसानं तिच्या घशातून मरण ओढून काढलं, त्यानंच ते नंतर पिशवीत बांधून आणलं, याची संगती मला लागत नाही.

तो गुरुवार. सकाळी तिनं दूध ओकलं. मग नुसती लाळ. अंगणात नेलं तर बसायची, कुंथायची, काही होत नव्हतं. पोटाला हात लावू देईना, पाठीची कमान करून उभी. तुम्ही म्हणालात, "पाव खायला घालू, अडकलं असेल ते गुंडाळून खाली जाईल." मी म्हणाले, "काय अडकलं असेल?" तुम्ही म्हणालात, "असंच म्हटलं."

असंच म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. पडद्यावर तिच्या पोटात पांढरे तुकडे दिसत होते, एक लांबट, टोकदार. "हाड आहे," त्या म्हणाल्या. "शिजवलेलं. शिजलं की हाड कोरडं आणि ठिसूळ होतं, चावलं की त्याच्या सुऱ्या होतात. घशात रुततं, आतडं फाडतं. चुरा झाला तर आत जाऊन दगडासारखा बसतो. कुणी दिलं?"

मी म्हणाले, "आमच्या घरात मटण शिजून वर्षं झाली."

आणि तुम्ही काय विचारलंत? मी आता ते शब्द न् शब्द आठवते आहे. तुम्ही विचारलंत, "नळी तरी मऊ असते ना, डॉक्टर? आतला मगज?"

"मगज मऊ, नळी नाही," त्या म्हणाल्या. "त्यानं दाढा तुटतात. नळीची कडी खालच्या जबड्यात अडकलेली कुत्री मी ती कडी कापून सोडवली आहेत. कच्चं हाड असलं तरी सगळ्यांना मानवत नाही, आणि शिजवलेलं तर कुठलंच नाही. चघळायला द्यायचंच असेल तर अंगठ्याचं नख दाबून बघायचं. नख रुतलं नाही, तर ते तिच्या दातांना कठीण आहे."

"थोडं थोडं दिलं तर?"

"काका, एक तुकडा पुरतो."

मला वाटलं, तुम्ही काळजीनं विचारता आहात. मी तुमच्या पाठीवर हात ठेवला. आठवतंय?

घरी आलो. खारी दवाखान्यात होती, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं. मी हाड कुठून आलं याचा शोध घ्यायला लागले. तुमच्यासमोर. कचऱ्याच्या पेट्या बघितल्या, त्यांना झाकणं होती. मागच्या हॉलमध्ये लग्न नव्हतं. मग राहिली पहिल्या मजल्यावरची सेलिन. सेलिन वटार गावची, कुत्र्यामांजरांवर जीव टाकणारी. तिच्या घरी रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर मटण शिजायचं, त्याचा वास जिन्यात यायचा. खारी दुपारी तिच्या दारात लोळायची. मी तिला कितीदा सांगितलं होतं, काही देऊ नकोस, आणि ती म्हणायची, "नाय गो, फक्त पाव देते."

मी तिच्या दारात गेले. तुम्ही माझ्या मागे होतात, जिन्याच्या कठड्याला धरून.

"सेलिन, खरं सांग, तू हाड दिलंस?"

 तिनं माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. तुमच्याकडे. मला ते तेव्हा कळलं नाही. म्हणाली, "मी नाय दिलं वहिनी."

"मग कोणी दिलं?"

"रविवारचं हाड गुरुवारपर्यंत राहील का पोटात?"

"राहतं. डॉक्टर म्हणाल्या, अडकलं की राहतं."

तिनं पुन्हा तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "चल गं, वर चल. भांडून काय होणार आहे?" केवढे समजूतदार वाटलात तुम्ही मला! मी चिडकी, तुम्ही समजूतदार. मी वर आले आणि आपल्या इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं, की पहिल्या मजल्यावरच्या लोकांनी माझ्या कुत्रीला हाड घालून मरणाच्या दारात नेलं. लिहून तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "नाव नको घालूस." मी नाव घातलं नाही. पहिल्या मजल्यावर कुत्र्यांना जीव लावणारं दुसरं होतं कोण?

खारीचं आतडं दोन ठिकाणी फाटलं होतं. ऑपरेशन झालं, पण आत पू झाला होता. शनिवारी दुपारी ती गेली. आपण दोघं तिथेच होतो. तुम्ही तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटलात आणि मग एवढे रडलात की डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला खुर्ची दिली. मी तुम्हाला सावरलं. माझं रडणं मी बाजूला ठेवलं, तुमचं बीपी वाढेल म्हणून.

संध्याकाळी सेलिनचा नवरा वर आला. दारातूनच म्हणाला, "वटारला आमची वाडी हाय. केळीच्या बाजूला जागा हाय. तिला तिथं ठेवू, सेलिन सांगते." मी त्याच्याशी धड बोललेही नाही. म्हणाले, "तुमची जागा नको." खारीला नगरपालिकेची गाडी घेऊन गेली. कुठे, मला माहीत नाही. तुम्ही तेव्हाही खिडकीत उभे होतात. तुमच्या एका शब्दानं ती केळीखाली गेली असती, सावलीला. एक शब्द. तो मला त्या दिवशी नको वाटला असता, पण तिला हवा होता.

नंतर तुमचं डायलिसिस सुरू झालं आणि मग सगळं त्यातच गेलं. मी आता मागे वळून शोधते, तुम्ही कधी सांगायला बघितलंत का. दवाखान्यात आपण तासन् तास समोरासमोर बसायचो. तुम्ही मला गॅसचं पुस्तक कुठे आहे ते सांगितलंत, पाण्याच्या मोटरचं बटण कसं अडकतं ते सांगितलंत, मुग्धाच्या सासऱ्यांशी कसं बोलायचं ते सांगितलंत. तुमच्या लहानपणी तुम्ही आत्याच्या शेतातले ऊस चोरले होते, तेसुद्धा सांगून झालं. वेळ नव्हता असं नाही. मीच तुमचे पाय चेपत होते, मीच ऐकत होते.

खानावळीच्या मालकांना मी जाताना विचारलं होतं, कुत्री गेल्यावर ते येत होते का. "दोन-तीनदा आले," ते म्हणाले. "थाळी मागवायचे आणि बसून राहायचे. जेवण तसंच. हाडं नेईनात. मी विचारलं तर म्हणाले, कुत्री गावी पाठवली." म्हणजे तिथेही खोटंच. पण ते ऐकून मला क्षणभर तुमची दया आली, हे सांगायला हवं. भिंतीकडे तोंड करून बसलेले, पुढ्यात गार झालेला रस्सा. मग दया गेली.

मालक येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सेलिनकडे गेले. तुम्ही गेलात तेव्हा ती वर आली नव्हती. खाली फाटकाशी उभी होती, डोक्यावर ओढणी घेऊन, आणि तुम्हाला नेताना तिनं क्रुसाची खूण केली होती. तेवढंच मी बघितलं होतं. तिनं दार उघडलं. मी म्हणाले, "सेलिन, मला कळलं. हाड यांनी दिलं."

 तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं.

"तुला माहीत होतं?"

"बघितलं होतं मी," ती म्हणाली. "बुधवारी. माझ्या दाराच्या बाहेर पायरीवर बसले होते दादा. खारीच्या पुढ्यात पिशवी. मी मनाले, दादा, हाड नका देऊ, वहिनी किती सांगतात. तर त्यांनी हात जोडले मला. एवढा मोठा मानूस."

"का देत होते? मला नियम शिकवणारे तेच!"

सेलिननं ओढणीच्या पदराशी चाळा केला.  "खारी त्यांचे हात सोडत नव्हती, वहिनी. मटनाचा वास. वर गेले की हात चाटत, कुं कुं करत मागे मागे फिरायची. एकदा तुम्ही विचारलं होतं मने, आज ही एवढी का मागे लागली तुमच्या? तेव्हापासून इथंच पायरीवर तिला देत होते. ती खाईपर्यंत माझ्या नळावर हात धुवायचे. मग वर जायचे."

मी ऐकत होते आणि मनात एकेक पायरी चढत होते. म्हणजे लाड नव्हता तो. तिनं तुमचं बिंग फोडू नये म्हणून तिला हाड. मुक्या जनावराचं तोंड बंद करायला.

"आणि मी तुझ्या दारात येऊन एवढं बोलले, तेव्हा?"

"दादा दुसऱ्या दिवशी आले होते माझ्याकडे. मनाले, चार दिवस थांब, खारी बरी झाली की मीच सांगतो तिला. मग खारी गेली. मग मनाले, आता सांगितलं तर ती मोडून पडेल, जरा जाऊ दे. मग ते आजारी पडले. आजारी मानसाला मी काय बोलनार?" ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "पन वहिनी, तुम्ही ग्रुपवर लिहिलं, तेव्हापासून खालची पोरं मला बघून हसायची. माझी जाऊ मला विचारते, तू कुत्रं मारलं का? मी कोनाला काय सांगू?"

एवढे दिवस. तुमची थाळी जगाला माहीत, तुमचं पाप सेलिनला माहीत, तुमचा नियम फक्त मला. आपल्या इमारतीत एकटी मी मूर्ख होते, आणि मला मूर्ख ठेवून तुम्ही माझ्या हातची बिनमिठाची आमटी जेवत होतात.

मी किडनीच्या डॉक्टरांनाही फोन केला. विचारलं, त्या बुधवारांमुळे झालं का? ते म्हणाले, थोडा फरक पडला असेल, नसेलही. हा आजार पुढे सरकतोच. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरं, मला कळलं नाही. तुम्ही माझी अशी गत केलीत की कुणी सरळ बोललं तरी मी त्यात काही दडलंय का ते बघते.

रविवारी इमारतीच्या लोकांनी खाली तुमच्यासाठी शोकसभा ठेवली. खुर्च्या मांडल्या, फोटो ठेवला. सेक्रेटरी बोलले, मोहिते म्हणजे शिस्तीचा माणूस, एवढं मोठं आजारपण पण पथ्य कधी मोडलं नाही. दुसरे एक जण म्हणाले, मुक्या प्राण्यांवर माया करावी तर त्यांनी. सेलिन अगदी मागे बसली होती, निघायच्या बेतात असल्यासारखी.

मी आधीच मुग्धाला सांगितलं होतं की मी बोलणार आहे. ती रडली. "आई, बाबा गेलेत. त्यांच्या फोटोसमोर त्यांची बदनामी करणार तू?" मी म्हणाले, "तुझ्या बाबांनी जिवंतपणी सेलिनची होऊ दिली." ती म्हणाली, "लोक हसतील." मी म्हणाले, "हसू देत. तिला हसले, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं."

मी उभी राहिले. मुग्धानं माझा दंड धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. मी एवढंच म्हणाले: "आमच्या खारीला शिजवलेलं हाड ह्यांनी दिलं होतं. सेलिननं नाही. तिला माहीत होतं आणि ह्यांच्या शब्दासाठी तिनं माझे बोल ऐकून घेतले. मी ग्रुपवर जे लिहिलं ते खोटं होतं. आणि तुमच्यापैकी कुणी खाली फिरणाऱ्या कुत्र्यांना ताटातली हाडं टाकत असाल तर टाकू नका. माया म्हणूनही नाही. पावाचा तुकडा टाका, भात टाका."

कुणी हसलं नाही.  सेक्रेटरी फोटोकडे बघत राहिले. सेलिन उठली आणि घरात निघून गेली, आणि मला वाटलं, हेही चुकलं माझं. संध्याकाळी तिच्याकडून झाकलेली वाटी आली. बोंबलाचं कालवण होतं. तिच्या नवऱ्यानं दारातून सांगितलं, "ती मनते, आता तरी खा."

मी खाल्लं. ओट्यापाशी उभ्या उभ्या, भाताबरोबर, बोटं चाटून. मुग्धा बघत होती. इतक्या वर्षांनी जिभेला आंबट-तिखट लागलं आणि डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाचं होतं असं मी तिला सांगितलं. तेवढं एक खोटं माझंही.

लोकांना वाटतं, मला तुमच्या मटणाचा राग आहे. तो नाही. तुम्ही मला एकदा सांगायला हवं होतंत. "मला राहवत नाही गं," एवढंच. मी भांडले असते. दोन दिवस बोलले नसते, तुमच्या ताटात मुद्दाम दुधी वाढला असता. आणि मग मीच डॉक्टरांकडे गेले असते, त्यांना विचारलं असतं, महिन्यातून एकदा किती चालेल, आणि तेवढंच, मीठ बेतानं घालून, तुमच्यासाठी रांधलं असतं. शेजारी मीही बसले असते. हाडं मी कागदात गुंडाळून, घट्ट बांधून कचऱ्यात टाकली असती. खारी दारात बसून आपल्या दोघांवर रुसली असती.